शिक्क्याशिवाय आग नाही

त्या उन्हाळ्यात मी एका अख्ख्या गावाची आग जप्त केली. आगपेट्या घेतल्या, चकमकी घेतल्या, चुलीतले निखारेसुद्धा विझवायला लावले. हुकूम तसा नव्हता. हुकूम एवढाच होता की लोकांना समजावून सांगा. पण मला लान्स नाईकची फीत मिळून जेमतेम महिना झाला होता, आणि नवी फीत दंडाला खाजवते.

चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला, त्याच्या पुढचा उन्हाळा. आमची इंजिनिअर कंपनी पुलांसाठी सागवान न्यायला आलापल्लीत उतरली होती. तिथून चौदा मैल आत, जंगलात, तोडलेल्या लाकडांच्या ढिगावर आमची सात जणांची डिटॅचमेंट. कमांडर हवालदार शिंदे, साताऱ्याकडचे. वायरलेसवर सिग्नलमन पिल्ले, केरळचा. त्याला मराठी येत नव्हतं आणि हिंदी येतं असा त्याचा समज होता. मी सिंदेवाहीचा. झाडीची बोली घरची, म्हणून गावकऱ्यांशी बोलायचं काम माझ्याकडे. बाकीचे चौघं लाकडं चढवायचे आणि मला शिव्या द्यायचे.

कॅम्पपासून अर्ध्या मैलावर गाव होतं. त्याला आपण कोसमटोला म्हणू. गोंडांची पंचवीसेक घरं. दिवस मोहाचे. पहाटे मोहाची फुलं टपटप पडतात आणि ती वेचणं हे त्या दिवसांतलं गावाचं सगळ्यात मोठं काम. वेचण्याआधी झाडाखालचा पालापाचोळा जाळतात, म्हणजे जमीन मोकळी होते आणि फूल दिसतं. ही त्यांची पिढ्यान् पिढ्यांची रीत. कायद्यानं राखीव जंगलात काडी ओढणं गुन्हा. ही बातमी पण जुनीच. दोन्ही गोष्टी बरीच वर्षं एकमेकींकडे न बघता नांदत होत्या. मग मी आलो.

हुकूम होता: लाकूड हलेपर्यंत ढिगाच्या आसपास कोणी आग लावू नये, आणि आग लावायचं साधन जंगलात नेऊ नये. मी विचार केला, साधन गावातच नसलं तर जंगलात जाईल कसं? एका सकाळी पोतं घेऊन घरोघर फिरलो. मैनीबाई नावाची म्हातारी होती, तोंडानं फटकळ. तिची आगपेटी घेतली तेव्हा तिनं विचारलं, "तुमी कोनचे जी?"

"सिंदेवाहीचा."

"बोली तं आपली हाय. अक्कल कोनाची आनली?"

मी तिचं नाव विचारलं आणि पेटीवर कोळशानं एक फुली मारली, म्हणजे हंगाम संपल्यावर ज्याची त्याला परत देता यावी. मला वाटलं, यालाच व्यवस्था म्हणतात.

पोतं कॅम्पवर आणलं. शिंदे हवालदारांनी पोत्याचं तोंड उघडून आत बघितलं. "सांग म्हनलो होतो रं. गोळा कर कुठं म्हनलो?"

ते पोतं परत द्यायला लावणार, एवढ्यात पिल्लेनं संध्याकाळच्या सेटवर ती बातमी आलापल्लीला देऊन टाकली. कॅप्टन साहेबांचं उत्तर आलं: शाबास, चांगली कल्पना, कायम ठेवा. झालं. माझा गाढवपणा आता स्टँडिंग ऑर्डर झाला होता. शिंद्यांनी सगळा ऐवज रिकाम्या अॅम्युनिशन बॉक्समध्ये टाकला, कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली आणि म्हणाले, "आता निस्तर."

निस्तरायचं म्हणजे असं. सबंध गावाला एकच विस्तव, गायत्याच्या अंगणात. गायता म्हणजे गावचा प्रमुख. त्याचं नाव जोगा. सकाळी आणि संध्याकाळी बायांनी तिथून निखारे न्यायचे, रांधायचं आणि विझवायचं. दुपारी झळा सुटल्या की अंगणातला विस्तवही बंद. मी उभा राहून बंद करवायचो. मोहाखालचा पाला जाळायचा नाही, झाडायचा. पूर्वी बाया पहाटे कोलती, म्हणजे जळतं लाकूड, हातात घेऊन जायच्या, कारण मोहाला अस्वलंही येतात आणि अस्वल विस्तवाला बिचकतं. आता कोलती नाही. म्हणून मी रायफल घेऊन झाडाखाली उभा राहायचो. मैनीबाई फुलं वेचता वेचता शेजारणीला म्हणायची, "पयले एक कोलती लागे, आता एक शिपाई लागते. अन् कोलती बोलत नोहोती."

त्या भागाचा जंगल खात्याचा माणूस म्हणजे दौलत नाकेदार. काटकुळा, पन्नाशीला आलेला, तोंडात कायम तंबाखू. जंगलात बिडी ओढणाऱ्याचा वैरी. कमरेला शिक्क्याचा हातोडा. सागाच्या झाडावर त्या हातोड्याचा शिक्का उमटला की झाड तोडायची परवानगी. शिक्का नसेल तर झाड वाळून पडलं तरी हात लावायचा नाही. नाकेदार आंघोळीला जाताना हातोडा काठावर ठेवायचा आणि पाठ न फिरवता आंघोळ करायचा, असं लोक सांगत. गाव आणि टेकडी यांच्यामध्ये खात्याचं सागाचं प्लांटेशन होतं. आठ-नऊ वर्षांची झाडं. त्यातलं एकेक रोप यानं उभं राहून लावून घेतलेलं. साहेब लोक बघायला यायचे.

मला वाटलं, माझी जप्ती ऐकून हा खूश होईल. तो गायत्याच्या अंगणातला एकुलता विस्तव बघत उभा राहिला.

"नाकेदार, तुमचंच काम हलकं केलं," मी म्हणालो.

"तुमी सात जन हा जी. तुमाले नियम पुरते." त्यानं तंबाखू थुंकली. "मी इथी एकटा राहून राह्यलो. मले पान लागलं तं दवाखान्यात कायद्याचं पुस्तक नेईन का हे लोक नेतीन?"

पान लागणं म्हणजे साप चावणं. मी म्हणालो, हुकूम आहे. तो म्हणाला, हाव, हुकूम त हाय.

त्याच आठवड्यात लच्छू आला. मैनीबाईचा मुलगा, तिशीचा, चांगला दणकट. त्याची बायको सुकरी बाळंत झाली होती. बाळंतिणीच्या खाटेखाली रात्रभर विस्तव ठेवून शेक देतात. त्याला रात्रीसाठी निखारे हवे होते.

"रात्री विस्तव नाही," मी म्हणालो.

"पोराले थंडी वाजते जी."

"एप्रिलमध्ये?"

"थे चार दिवसाचं हाय. त्याले एप्रिल मालूम नाई."

आता इथे एखाद्या शहाण्या माणसानं दोन निखारे उचलून दिले असते. मी म्हणालो, "नाकेदाराचा शिक्का आण. शिक्क्याशिवाय या गावात आग हलणार नाही." हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते दोनदा म्हणालो.

लच्छू गेला आणि नाकेदाराला घेऊन आला. नाकेदार म्हणाला, "शिक्का लाकडाले असते. आगीले नसते."

"मग लेखी द्या."

"कागद नाई माह्याजवळ."

मग त्यानं जळणातलं एक लाकूड उचललं, कमरेचा हातोडा काढला, लाकडावर ठाण्‌कन शिक्का मारला आणि लच्छूच्या हातात दिलं. "हे घे. साहेबाले दाखवत जा."

मी लाकूड निरखून बघितलं. शिक्का स्पष्ट होता. मी निखारे दिले. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी लच्छू ते लाकूड घेऊन यायचा, मी शिक्का तपासायचो आणि निखारे द्यायचो. सगळं गाव गंमत बघायला जमायचं. मला वाटायचं, शिस्त बघायला येतात.

वणवा लागला त्या दिवशी हवालदार शिंदे लॉरी आणि दोन जवान घेऊन रेशनसाठी आलापल्लीला गेलेले. कॅम्पवर पिल्ले, ढिगावर दोन सॅपर जवान, पहारा सोडायचा नाही असा हुकूम असलेले, आणि सगळ्यांचा कमांडर मी. दुपारी दोनच्या सुमारास टेकडीमागून धूर निघाला. कोणी लावला ते कधीच कळलं नाही. आमच्या गावातून नाही, एवढं मी शपथेवर सांगू शकतो. आमच्या गावात काडीच नव्हती.

दौलत नाकेदार धावत आला. राखीव जंगलात वणवा लागला की फॉरेस्ट व्हिलेजच्या, म्हणजे खात्याच्या जमिनीवर वसलेल्या अशा गावाच्या, प्रत्येक धडधाकट माणसानं विझवायला जायचं, हा नियम. जोगा गायत्यासह सगळे पुरुष निघाले. लच्छूही निघाला. नाकेदारानं मला जमिनीवर काठीनं रेघा काढून दाखवलं. ही टेकडी, आग इकडून येणार. टेकडीच्या पायथ्याला जाळरेषा, म्हणजे आधीच झाडून-जाळून मोकळा ठेवलेला पट्टा. त्याच्या अलीकडे प्लांटेशन. प्लांटेशनच्या अलीकडे गाव. बाजूनं नाला, कोरडा.

"आमी रेषेवर अडवतो," तो म्हणाला. "रेषा टिकली तं प्लांटेशनबी वाचते, गावबी वाचते."

"नाही टिकली तर?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं. गावाच्या बाजूनं प्लांटेशनला आपणच काडी लावायची. आपली आग टेकडीकडे जाणार, येणारी आग तिला मधे भेटणार आणि दोघी खायला काही न उरून मरणार. गाव वाचणार. पण सरकारी प्लांटेशन आपल्या हातानं जाळायचं.

"तसं झालं तं मी मानूस धाडीन," नाकेदार म्हणाला. "त्याच्याआधी काडी लावू नका. आमी मधात असू."

एवढं बोलून तो गेला. गावात उरल्या बाया, म्हातारी माणसं, लेकरं आणि लच्छूची बाळंतीण.

पहिला तासभर धूर सरळ वर जात होता. मी बायांना सांगितलं, लेकरं आणि धान्य नाल्यापलीकडे न्या. त्या आधीच नेत होत्या. मग वारा फिरला. झाडीतला चैती वारा कोणाला कळवून फिरत नाही. धूर आडवा झाला, प्लांटेशनच्या वरून गावावर आला. सागाची वाळलेली पानं केवढी असतात ते ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. पत्रावळीएवढी. त्यांचा गुडघाभर थर प्लांटेशनमध्ये पडलेला. रेषेकडून आरोळ्या येत होत्या. काय म्हणत होते कळत नव्हतं.

मैनीबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "लाव."

"तुमचा मुलगा तिकडे आहे, बाई."

"हाव. अन् नातू इकडे हाय. सुकरीले उभं राहता येत नाई, रगत जाऊन राह्यलं. तिले खाटेवर न्यायले चार मानसं पायजे, थे समदे तुमच्या कायद्यानं टेकडीवर नेले. लाव."

मागून दुसरी एक बाई ओरडली, "लावू नका, माहा धनी मधात हाय." दोघींचंही खरं होतं. मी दोघींकडे आळीपाळीनं बघितलं. एवढी वर्षं झाली, त्या वेळी माझ्या डोक्यात काय चाललं होतं हे मला नीट सांगता येत नाही. बहुतेक काहीच चाललं नव्हतं. मी कॅम्पकडे धावलो. हुकूम मागायला.

पिल्लेनं सेट लावला.

"हॅलो कंट्रोल. वणवा गावाकडे येतो आहे. प्लांटेशनला उलटी आग लावायची परवानगी हवी. ओव्हर."

खरखर. "प्लांटेशन कोणाचं? ओव्हर."

"जंगल खात्याचं. ओव्हर."

"मग त्यांना विचारा. ओव्हर."

"त्यांचा माणूस आगीवर आहे. कॅप्टन साहेबांना द्या. ओव्हर."

"साहेब चांद्याला गेलेत. रेंज ऑफिसात माणूस पाठवतो. नियम नागपूरचा लागतो की मुंबईचा ते त्यांनाच माहीत. थांबा. आउट."

आमच्या दोघांच्या कानांमध्ये धरलेला हेडफोन पिल्लेनं खाली ठेवला. "रुकने को बोला," त्यानं मला समजावलं. मीही तेच ऐकलं होतं, हे तो घाईत विसरला असावा.

मी म्हणालो, निदान काड्यापेट्या तरी बाहेर काढून ठेवू. बॉक्सला कुलूप. किल्ली शिंद्यांच्या खिशात, खिसा आलापल्लीत. गावातला विस्तव? तो मीच दुपारी समोर उभं राहून विझवला होता. कॅम्पची चूलही त्याच हुकमानं थंड, आणि आमच्या काड्यापेट्याही त्याच बॉक्समध्ये. टेकडीवर मैलभर आग धडधडत होती आणि मला एक ठिणगी मिळत नव्हती. पिल्लेनं कुदळ आणली. कुलूप तुटेना. मग त्यानं बॉक्सच फोडला. आतल्या चकमकी, पेट्या जमिनीवर सांडल्या. मी हाताला आली ती पेटी उचलली आणि परत पळालो.

प्लांटेशनच्या कडेला पोचलो तेव्हा धुरातून लच्छू येत होता. भुवया जळालेल्या.

"रेषा तुटली. नाकेदार म्हनते, लावा."

मी त्याच्याकडे बघितलं. दौलत नाकेदार. बिडीसाठी माणसं धरून नेणारा. हा स्वतःच्या हातानं लावलेलं प्लांटेशन जाळा म्हणेल? की बायको आत पडलीय म्हणून लच्छू आपल्या मनानं सांगतोय? आणि हे खोटं असेल, तर माणसं अजून मधे असतील. पंधरा-वीस माणसं.

आणि मी म्हणालो, "लेखी आणलं का?"

हो. म्हणालो. मागे गाव जळायला आलेलं, पुढे वणवा, आणि मी लेखी मागितलं. तोंडातून गेलं. सवयीनं गेलं.

लच्छूनं कमरेला हात घातला आणि शिक्क्याचा हातोडा काढून माझ्यासमोर धरला.

"समदे नाल्यात उतरले," तो म्हणाला. "त्यायनं हातोडा देल्ला. म्हने, साहेब आयकनार नाई, हे दाखव."

मी हातोडा बघितला. नाकेदार जो आंघोळीलाही नजरेआड करत नव्हता, तो. लच्छूनं वळून कडेच्या पहिल्या सागावर शिक्का मारला. ठाण्‌. रोज संध्याकाळी मी तपासायचो तोच.

मग मी काडी ओढली. पहिली मोडली. मैनीबाई शेजारी येऊन उभी होती. तिनं माझ्या हातातली पेटी घेतली, उलटून पाहिली. वर कोळशाची फुली.

"माहीच हाय थे," ती म्हणाली, काडी ओढली आणि पाल्यात टाकली. पुढच्या काड्या मी ओढल्या. बायांनी जळत्या फांद्या घेऊन कडेकडेनं आग पुढे नेली. त्यांना काही सांगावं लागलं नाही. "किस, किस" असं ओरडत होत्या. गोंडीत आगीला किस म्हणतात. मी तीन आठवड्यांत शिकलेला तो एकच शब्द. त्यांच्यामागून मीही तोच ओरडत पळत होतो, कशासाठी ते माहीत नाही.

आपली आग आधी गावाकडेच झुकली. कडेची तीन घरं गेली, एक गुरांचा मांडव गेला. मग दोन्ही आगींनी मधला वारा ओढायला सुरुवात केली आणि ती वळून टेकडीकडे निघाली. त्या एकमेकींना भेटल्या तो आवाज मी पुढे दोन लढायांत शोधला. तसा ऐकला नाही. मग धूर, आणि एकदम शांत.

सुकरी आणि तिचं पोर खाटेवरच होती. पोर झोपलेलं होतं.

नाल्यातून माणसं वर आली. काळी ठिक्कर, खोकत. बायका एकेकाचं तोंड पुसून ओळख पटवत होत्या. सगळे आले. दौलत नाकेदार आला नाही.

मी जोगा गायत्याला बाजूला घेतलं. "नाकेदार कुठाय?"

"आमच्यासंगं नाल्यापोत होता." जोगा खाली बसला. "मंग परत फिरला."

"कशाला?"

"आता का सांगू जी. कमरेले हात लावून पाहे. काही पडल्यावानी. मी म्हनलो, चाला. थो म्हने, तुमी व्हा पुढं."

मी लच्छूकडे बघितलं. तो दूर नाल्याच्या काठावर बसला होता, आमच्याकडे पाठ करून. हातोडा त्याच्या मांडीवर होता. जोगानंही तिकडे बघितलं. मग आम्ही दोघांनी दुसरीकडे बघितलं.

नाकेदार सकाळी सापडला. प्लांटेशनच्या मधोमध, खात्याच्या पाटीजवळ. कोणत्या आगीनं नेलं, येणाऱ्या की आपल्या, हे राखेवरून सांगता येत नाही. मी त्या राखेत फिरून बघितलं. नाही सांगता येत.

पुढच्या आठवड्यात चौकशी आली. जंगल खात्याचे एक साहेब, आमचे कॅप्टन साहेब, एक कारकून. टेबल आमच्याच तंबूत. जंगलाचे साहेब वाईट नव्हते. दौलतला त्यांनीच भरती केलं होतं, त्याचं नाव घेताना त्यांनी चष्मा पुसला. पण प्रश्न सरळ होता. राखीव जंगलाला आग लावायला परवानगी कोणी दिली? हातोडा लच्छूकडे कसा आला? नाकेदारानं दिला असेल तर गोष्ट वेगळी. घेतला असेल तर चोरी, आग लावणं, आणि सरकारी माणसाच्या मृत्यूला कारण होणं. पोलीस बाहेर उभे होते.

लच्छू म्हणाला, "त्यायनं देल्ला." बस. किती वेळा विचारलं तरी तेवढंच.

जोगा म्हणाला, "धूर होता जी. मले काही दिसलं नाई." परत फिरण्याचं तो बोलला नाही.

मग मला बोलावलं. आदल्या रात्री मी पुष्कळ विचार केला होता आणि काहीही ठरलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला खरं माहीतच नव्हतं. जोगानं पाहिलेलं सांगितलं तर लच्छू जाणार, आणि ते पोर महिन्याचं व्हायच्या आधी बापाशिवाय होणार. दिला म्हणून सांगितलं तर अधिकार नसताना प्लांटेशन जाळायला लावल्याचा ठपका दौलतवर. मेलेल्या माणसावर. ज्यानं ती झाडं लावली त्याच्यावर. आणि मी युनिफॉर्ममध्ये, शपथेवर.

"सर, नाकेदारानं हातोडा पाठवला," मी म्हणालो. "ती खूण आमच्यात आधी ठरली होती."

ठरली नव्हती. माणूस धाडीन, एवढंच तो म्हणाला होता.

"अशी विचित्र खूण का ठरवली?" साहेबांनी विचारलं.

"सर, शिक्क्याशिवाय आग देत नाही, असा माझा नियम होता." आणि मी लच्छूच्या बाळंतिणीची, निखाऱ्यांची, शिक्का मारलेल्या जळणाची सगळी हकीकत सांगितली. कारकुनाला हसू आवरेना. कॅप्टन साहेबांनी कपाळाला हात लावला. माझ्या मूर्खपणावर सगळ्यांचा लगेच विश्वास बसला. त्यासाठी दुसरा साक्षीदार लागला नाही.

कागदावर राहिलं ते असं: नाकेदारानं अधिकाराबाहेर जाऊन परवानगी दिली, तथापि कर्तव्यावर असताना मरण पावला. लच्छू सुटला. माझी फीत गेली. आगीसाठी नाही. सरकारी अॅम्युनिशन बॉक्स फोडल्याबद्दल. शिंदे हवालदार म्हणाले, "बरं झालं. तुझा दंड तसा बी खाजवतच हुता."

त्या वाक्यावर मी हसलो होतो. 'तथापि' या शब्दावर मात्र मी अजून अडतो. दौलतच्या बायकोला आलापल्लीत भेटायला गेलो, ती आतूनच म्हणाली, सांगा काय सांगायचं ते. मी पाणी पिऊन परत आलो.

पलटणीतून सुटल्यावर पुष्कळ वर्षांनी मी कोसमटोल्याला गेलो. आता एस.टी. जवळपर्यंत जाते. मोहाचेच दिवस होते. प्लांटेशनच्या जागी पुन्हा साग उभा होता, बुंध्यांपासून फुटलेला, जाड झालेला. पाटी होती तिथे एक उभा दगड, शेंदूर लावलेला. मोहाखालचा पाला जाळायच्या आधी गावातला प्रत्येक माणूस तिथे येऊन तंबाखूची चिमूट ठेवतो. मी खिशातून बिडीचं बंडल काढलं, तर शेजारचा माणूस म्हणाला, "बिडी नोको जी. नाकेदार रागावते."

तो माणूस म्हणजे त्या खाटेवरचं पोर होतं. त्याला आता स्वतःची दोन होती. मैनीबाई गेली होती, जोगा गेला होता. लच्छू होता. आंब्याखाली बसलेला, दात नसलेला. मला त्यानं आवाजावरून ओळखलं. आम्ही दगडाकडे तोंड करून बसलो. त्यानं दौलतच्या गोष्टी सांगितल्या. रोपं लावताना उन्हात टोपी काढून रोपावर सावली धरायचा, अशा. दर वर्षी पहिली चिमूट लच्छूच ठेवतो, असं पोरगा म्हणाला. दुसऱ्या कोणाला ठेवू देत नाही.

आता लच्छूही नाही, म्हणून हे लिहितो आहे.

त्या दिवशी उठताना मी विचारलंच. एवढ्या वर्षांचं होतं. "लच्छूभाऊ, आता कोणी साहेब नाही, पोलीस नाही. एकदा सांग. हातोडा त्यानं दिला होता, का तू घेतला होतास?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. हातातली तंबाखू मळणं थांबवलं नाही.

"तुमाले आजूनबी लेखीच पायजे का जी?"